लाहूचं तोंड

१७ ऑगस्ट २०२५, रविवार

हो म्हणून बसलो! झक मारली आणि हो म्हटलं.

जयश्री आली होती. तलासरीच्या आश्रमशाळेत मी ड्रॉईंग शिकवायला नवीन लागलो तेव्हा ही पाचवीत होती. आता तलवाड्याजवळच्या एका पाड्यावर अंगणवाडी सेविका आहे, मुलगा कमावता झालाय, तरी माझ्यासमोर अजून खुर्चीच्या काठावर बसते. आधी काम सांगितलं, मग चहा घेतला. तिच्या सासूबाईंना, बुधीबाईंना, चित्र हवंय. पंचेचाळीस सालच्या तलवाड्याच्या गोळीबाराचं. दहा ऑक्टोबरच्या आत हवंय, कारण त्या दिवशी मेलेल्यांची आठवण काढायला माणसं जमतात.

मी म्हटलं, तुम्हा वारल्यांत चित्रं काढणारे घरोघर आहेत, माझ्याकडे कशाला आलीस? तर म्हणाली, "सर, आमच्या भिंतीवरच्या माणसाला तोंड नसतं. सासूबाईंना तोंड पायजे. बापाचं."

बापाचा फोटो? नाही. एकही नाही. बुधीबाई आईच्या पोटात होत्या तेव्हा बाप गेला. लाहू त्याचं नाव. गोळी मांडीला लागली, लोकांनी डोलीत घालून घरी आणला आणि काही दिवसांनी घरातच संपला. जागेवर पाच जण गेले, त्यांची नावं घेतली जातात. लाहूचं नाव कुठे नाही. म्हातारीचं म्हणणं एवढंच की निदान चित्रात तरी बाप असू दे, आणि मरायच्या आधी एकदा त्याचं तोंड मला बघू दे.

न पाहिलेल्या माणसाचं तोंड! रिटायर झाल्यापासून मी कागदाला हात लावलेला नाही. पण जयश्री निघाली आणि जिन्यावरचा तिच्या चपलांचा आवाज बंद झाला, तेव्हा मला चक्क बरं वाटलं. घरात काम आलं.

१९ ऑगस्ट

चारकोलच करायचा. रंग नको. रंग आला की रक्त आलं, आणि रक्त काढणं फार सोपं असतं.

कोळशाचे विकतचे दांडे मला कधीच आवडले नाहीत. दूध पावडरच्या डब्यात काड्या ठासून, झाकणाला भोक पाडून गच्चीवर डबा जाळला. शेजारचे मोहनभाई धूर बघून वर आले. हार्डवेअरचं दुकान मुलाकडे देऊन मोकळे झालेले, त्यामुळे त्यांना सगळ्या बिल्डिंगमध्ये लक्ष घालायला वेळ आहे. "सर, रसोई गच्चीवर?" म्हणाले. कोळसा करतोय म्हटलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं एकट्या राहणाऱ्या माणसाकडे बघतात.

चिकूच्या काड्यांचा कोळसा कडक झाला, कागद ओरबाडतो. शेवग्याचा नुसता भुगा. करंजाचा मात्र झकास. काळा म्हणजे काळाभोर.

२४ ऑगस्ट, रविवार

पाड्यावर जाऊन आलो. डहाणूहून तलासरीची एसटी, पुढे रिक्षा, पुढे चिखल.

बुधीबाई ओट्यावर बसल्या होत्या. एवढीशी बाई, पण आवाज खणखणीत. त्यांची वारली बोली मला अर्धीच कळते. अडलं की जयश्री मधे पडत होती. जे सांगितलं ते त्यांच्या आईने, रखमीने, त्यांना सांगितलेलं. तेव्हा सगळी माणसं सावकाराच्या वेठीला होती. लग्नाला पैसे घेतले की नवराबायको दोघं जन्माची त्याची. लाल बावट्याच्या बाई आल्या आणि सांगितलं की वेठ बंद करा. लोकांनी बंद केली. मग त्या दिवशी निरोप फिरला की बाईंच्या जिवाला धोका आहे, काठ्या घेऊन तलवाड्याला या. निरोप खोटा होता. पण रानातून, डोंगरातून माणसं आली, आणि जमलेल्या माणसांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या.

"कुणी पळाला नाय," बुधीबाई म्हणाल्या.

मला वाटलं, त्या अभिमानाने जरा वाढवून सांगतायत. पण हे मी पूर्वीही ऐकलंय. पांगलो तर आपल्या बाईंना मारतील, म्हणून लोक जागचे हलले नाहीत. मेलेल्यांच्या शेजारी तशीच बसून राहिली माणसं.

तोंडाचं विचारलं. आई सांगायची म्हणे, तुझं कपाळ तुझ्या बापाचं. कान मोठे. हसला की एक डोळा बारीक व्हायचा. बस. एवढीच शिल्लक. आता मेलेल्या माणसाच्या चित्रात मी हसणं कुठून घालू?

मग जयश्रीचा मुलगा आला, मिथुन. तेवीस-चोवीसचा. आल्या आल्या डोक्यावरची टोपी काढली आणि मी बघतच राहिलो. आजीचं कपाळ! तस्संच, मधे किंचित पुढे आलेलं. कानही भरपूर. विचारलं, रविवारी येशील का, चित्रासाठी पडून राहायचंय. तो हसला. पडून राहायचं काम पहिल्यांदाच मिळतंय म्हणाला.

२७ ऑगस्ट

गणपती. मोहनभाईंकडे सगळी बिल्डिंग आरतीला. मीही गेलो, टाळ्या वाजवल्या, मोदक घेऊन परत आलो. आज दिवसभरात मी बोललो ते एवढंच — मूर्ती छान आहे.

३१ ऑगस्ट

कागदाचे तुकडे जोडून हॉलची आख्खी भिंत व्यापली. सोफा बाल्कनीत. बसायला कोण येतंय?

पळणारी गर्दी काढायची तर मी डोळे मिटून काढीन. शाळेत वर्षानुवर्षं शिकवलंय, पाय मागे, धड पुढे, हात वर. पण न पळणारी माणसं कशी काढायची? आठवडाभर मी जी काढली ती बसस्टॉपवर बसल्यासारखी दिसतात. एसटी चुकलीय आणि पुढची कधी ते माहीत नाही! चिडून निम्मी पुसली. पावाच्या मऊ भागाने कोळसा स्वच्छ निघतो. बेकरीवाल्याला वाटतं माझी भूक वाढलीय.

संध्याकाळी कळलं. ती माणसं घाबरलेली काढायला हवीत. घाबरलेली असूनही बसलेली. मी त्यांना शूर काढत होतो, म्हणून ती रिकामी वाटत होती. एका बाईचा हात जमिनीत रुतवला, बोटं मातीत. त्याबरोबर ती बाई जिवंत झाली. मग बाकीची आपोआप येत गेली. हात दुखेपर्यंत काढली. नाकात, कानात, भाकरीवर कोळसा.

४ सप्टेंबर

मधोमध लाहूची जागा सोडलीय. येता-जाता ती पांढरी जागा माझ्याकडे बघते.

७ सप्टेंबर, रविवार

मिथुन आला. उंबरगावच्या कंपनीतली रात्रपाळी करून थेट इकडेच. घामट शर्ट, हातात वडापावची पुडी, माझ्यासाठीही एक. गप्पिष्ट आहे पोरगा. कंपनी सोडणार म्हणतो. दिवाळीनंतर ओख्याच्या बोटीवर खलाशी म्हणून जायचंय. आईला आवडत नाही, पण बोटीवर पैसा बरा. आई का नको म्हणते ते मला ठाऊक आहे. तिचा नवरा शुक्रा असाच बोटीवर गेला होता, मिथुन लहान असताना. वादळात बोट गेली. शुक्राचं प्रेतसुद्धा मिळालं नाही. मी तेव्हा भेटायला गेलो होतो, जयश्री रडतही नव्हती.

मिथुनला जमिनीवर आडवं केलं, डोक्याखाली गोणपाट, एक पाय दुमडलेला. मान जरा तिकडे कर म्हणेपर्यंत पठ्ठ्या गाढ झोपला!

हलवून उठवणार होतो. नाही उठवलं. झोपेत तोंड सैल पडलं होतं, ओठ किंचित उघडे. आणि खरं सांगतो, एक डोळा बारीक उघडा राहिला होता. देवानेच पाठवला म्हटलं. बसून काढत राहिलो. पंखा, त्याचं घोरणं आणि कागदावर कोळशाची खरखर. या घरात माझ्याशिवाय कुणी झोपलंय असं मला आठवत नाही. बहीण येते ती भाऊबीजेला, उभ्या उभ्या. लग्न करायचं राहून गेलं याचं मला एरवी काही वाटत नाही. आज वाटलं.

काढून झालं तरी उठवलं नाही. चादर घातली. दोघांची खिचडी टाकली. उठला तो दचकून, बस चुकेल म्हणून भराभर जेवला आणि गेला. चित्राकडे धड बघितलंही नाही. त्याचं ताट मी संध्याकाळपर्यंत उचललं नव्हतं.

९ सप्टेंबर

जमलं! जमलं! आज लाहू पूर्ण झाला. तीन जणांच्या मांड्यांवर आडवा, मान कललेली, एक डोळा बारीक. माझ्या हातून आयुष्यात झालेलं हे सगळ्यात चांगलं काम आहे. लिहायला लाज वाटत नाही, वाचणारं आहे कोण?

१४ सप्टेंबर, रविवार

जयश्रीला दाखवायला बोलावलं होतं. ती आली, आधी गर्दी पाहिली, मान डोलावली. मग मधे बघितलं.

मागे सरकली. भिंतीला पाठ लागली तरी सरकतच होती. मला वाटलं भारावली! मी मूर्ख, सांगत सुटलो. बघ, कपाळ बघ, डोळा बघ, झोपेत कसा अचूक सापडला.

"सर, तुमी माझ्या पोराला मारून निजवलाय."

मी समजावलं. हे मिथुन नव्हे, लाहू आहे. मॉडेल घ्यावं लागतं, जगातले सगळे चित्रकार घेतात. तिला ते ऐकू जात नव्हतं. म्हणाली, भिंतीवरच्या माणसाला तोंड नसतं ते उगाच नाही, तोंड काढलं की तो कुणीतरी होतो. हा माझा झाला. आणि महिन्यानंतर तो बोटीवर जायचाय. त्याचा बाप गेला तेव्हा मला तोंड बघायला मिळालं नाही. ते आता असं बघू?

पाणीसुद्धा न घेता गेली. दाराबाहेर पडताना पदराने तोंड झाकलं होतं.

१५ सप्टेंबर

अडाणीपणा! शिकलेली बाई, अंगणवाडी चालवते, पोरांना लसी टोचून घ्यायला लोकांशी भांडते, आणि कागदावरच्या कोळशाला घाबरते. इतक्या दिवसांची मेहनत. हे चित्र मी पाड्याला देणार नाही. कुणालाच देणार नाही. जाहीर!

१६ सप्टेंबर

तिने शुक्राचं तोंड बघितलेलं नाही. हे मला माहीत होतं. माहीत असूनही मी तिला तिचा मुलगा मेलेला दाखवला आणि वर कपाळ बघ म्हणालो.

पाव आणला. पुसलं.

२१ सप्टेंबर, रविवार

मिथुनचा फोन. आई त्याला भगताकडे घेऊन गेली होती. भगताने त्याच्यावरून काय काय उतरवलं, कोंबडी दिली, आता सगळं ठीक आहे म्हणे. सांगताना तो हसत होता. पण गेला ना? मी विचारलंच. म्हणाला, आई जेवत नव्हती सर, नाही जाऊन कसं चालेल?

आणि म्हणाला, चित्र पूर्ण करा हां, आजी रोज विचारते.

मी हो म्हणून फोन ठेवला. आपल्यासाठी कुणी जेवण सोडलं तर कसं वाटत असेल? या वयात असले विचार!

२४ सप्टेंबर

मनाने काढून बघितलं. कॅलेंडरवरचा देव झाला. पुसलं. पेपरातल्या एका फोटोवरून काढलं, तर दुसऱ्याच दिवशी तो कोण, कुणाचा मुलगा, याने जीव खायला सुरुवात केली. पुसलं. कागद तिथे करडा पडलाय, आणखी फार वेळा पुसणं सोसणार नाही.

मोहनभाईंना विचारलं, बसता का? नुसतं डोळे मिटून पडायचंय, वय मी कमी करून घेईन. खूष झाले आधी. फोटो पडणार म्हणून दाढीला हात फिरवला. मग विचारलं, रोल कसला? मी सांगितला. घरातून त्यांची बायको ऐकत होती. ती बाहेर आली आणि मला म्हणाली, "सर, बीजा कोईने शोधो." दुसऱ्या कुणाला शोधा म्हणे. आणि नवऱ्याला आत घेऊन गेली.

चूक नाही तिची. ज्याच्या त्याच्या घरी कुणीतरी आहेच, ज्याला ते बघवणार नाही. मेलेल्याचं तोंड म्हणून ज्याचं तोंड घ्यावं असा माणूसच सापडत नाही.

२८ सप्टेंबर

सापडला.

दाढी करताना आरशात. हसू आलं. महिनाभर मी वणवण करतोय आणि हा इथे रोज सकाळी फेस लावून उभा!

कोणाची हरकत नाही. आई-वडील गेले. बहिणीला चित्रातलं काही कळत नाही आणि ती इकडे फिरकणारही नाही. मी मेलेला दिसलो तर कुणाचं जेवण अडणार आहे? इतका सोयीचा माणूस सगळ्या डहाणू तालुक्यात दुसरा नसेल.

आरसा जमिनीवर ठेवला, त्यावर वाकून बसलो. वरून वाकलं की गाल खाली ओघळतात, त्यात लाहूला साठीचा केला असता तर बुधीबाईंनी मला हाकललंच असतं. म्हणून आश्रमशाळेत लागलो तेव्हाचं ओळखपत्र शोधून काढलं. काय केस होते माझे! एकेकाळी कंगवा मोडत असे. ते तोंड घेतलं. कपाळ बुधीबाईंचं घातलं, कान मोठे केले. बाकी मी. कुणाच्या लक्षात येणार आहे? तेव्हाचा मी आता कुणाला आठवतोय?

२ ऑक्टोबर, दसरा

झालं. मिथुनच्या तोंडाइतकं सुंदर नाही. पण मेलेलं आहे, याबद्दल शंका नको.

एक डोळा बारीक करायला फार त्रास झाला. हसल्यावर तो होतो, आणि हसून बघायला आरशासमोर बसलो तर हसताच येईना. शेवटी जमलं तसं केलं.

स्प्रे मारून पक्कं केलं. आता हाताने निघायचं नाही, पावाने नाही, कशानेच नाही. मोहनभाईंनी आपट्याचं पान दिलं, आत डोकावले, बघून हात जोडले. कोण आहे ते त्यांनी ओळखलं नाही. शेजारी राहून बारा वर्षं झाली! जरा हायसं वाटलं. जरा वाईटही वाटलं.

५ ऑक्टोबर, रविवार

मिथुनने मित्राचा टेम्पो आणला. भिंतीवरचे कागद मोठ्या पत्र्यावर ताणले आणि पत्र्याला मागून दोर बांधून चित्र नेलं. मी हौद्यात चित्राला धरून उभा. हायवेवर ट्रकवाले वळून बघत होते, मान टाकलेला माणूस आणि त्याला धरलेला टकलू म्हातारा.

अंगणवाडीच्या ओट्यावर लावलं. बुधीबाईंना दहा तारखेलाच दाखवायचं ठरलंय. जयश्री आधी मिथुनकडे बघून आली, मग चित्राकडे आली. मी जीव मुठीत धरून उभा. तिने बराच वेळ बघितलं.

"हा कोण, सर?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "डोक्यातून काढला. कुणीच नाही."

ती माझ्याकडे वळली. काही बोलेल असं वाटलं. पण तिने विचारलं, तुम्ही जेवलात का. मी हो म्हटलं. जेवलो नव्हतो. तिने ऐकून घेतलं आणि आत जाऊन चित्रावर घालायला चादर आणली.

मिथुन मला टेम्पोने डहाणूला सोडून गेला. हॉलची भिंत उघडी पडलीय. सोफा आत घेतला. मग परत बाहेर ठेवला, आत फार मोठा दिसत होता.

८ ऑक्टोबर

काही नाही.

१० ऑक्टोबर

आता घरी आलो. पाय धुतले आणि आधी हे लिहायला बसलो.

पाड्यावर माणसं बरीच. तलवाड्याला जाऊन आलेली, कुणी लाल झेंडे घेतलेली, पोरंटोरं, म्हाताऱ्या. बुधीबाईंना खुर्चीत बसवून खुर्ची उचलून ओट्यावर आणली. नवं लुगडं नेसल्या होत्या. मिथुनने चादर काढली.

गर्दी त्यांनी बघितलीच नाही! मातीत रुतलेला हात नाही, काही नाही. सरळ मधे. मला भीती वाटली की नाही म्हणतील. कपाळावर हात ठेवला, आधी स्वतःच्या, मग कागदावरच्या. मग म्हणाल्या, "पोरगाच हाय रं हा."

ऐंशी वर्षांची मुलगी आणि पंचविशीचा बाप. मला हे इतक्या दिवसांत सुचलंच नव्हतं. त्यांच्या डोक्यात तो म्हातारा असेल, बाप म्हणजे मोठं माणूस. हा तर त्यांच्या नातवाएवढा. त्या रडायला लागल्या. बापासाठी रडतात तसं नाही, पोरासाठी रडतात तसं. गालावरून बोटं फिरवत होत्या, कागदाच्या. नंतर जो येईल त्याला सांगत होत्या, माना बापूस, माझा बाप. परत परत. माना बापूस, बघ, माना बापूस.

मी मागे खांबाला टेकून उभा होतो. आता खरं काय ते लिहितो. मला आनंद झाला. त्यांच्यासाठी झाला, पण तेवढाच नाही. कुणीतरी माझ्या तोंडावरून हात फिरवून रडलं. नाव दुसऱ्याचं होतं, ते सोडा. आता दरवर्षी रडतील. माझ्यामागे एवढंही कुणी करेल असं वाटलं नव्हतं. फुकट मिळालं.

जयश्री दिवसभर माणसांना वाढत होती. माझ्या पानात दोनदा भात घातला, पण वर बघितलं नाही. अजून राग आहे बहुतेक. असू दे. तिचं बरोबरच होतं. निघतो म्हणून सांगायला गेलो तर चुलीशी पाठमोरी बसली होती, नुसती मान हलवली.

एसटीत खिडकी मिळाली. डहाणू येईपर्यंत कुणाशी बोलायचं कारण पडलं नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

सकाळीच बेल वाजली. जयश्री. पहिल्या गाडीने आलेली, एकटी. आत येईना. म्हणाली, "सर, आंघोळ करा. काही खाऊ नका. भगताकडं जायचंय."

मी विचारलं, मिथुनला काय झालं?

"मिथुनला नाय. तुमाला न्यायचंय." मग खाली बघून म्हणाली, "पाचवीत रोज फळ्यापुढं बघितलंय मी ते तोंड. सासूबाईंना बाप गावला, तो ऱ्हाऊ दे. त्यांना काय सांगायचं नाय. पण तुमाला तसं निजलेलं बघून माझ्या गळ्याखाली घास उतरत नाय, सर. पाच तारखेपासून."

आंघोळ झाली. ती अजून जिन्यात उभी आहे. निघतो.